बंद पडलेला लॅपटॉप : आधी दस्तऐवज, मग दुरुस्ती

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. पहिल्या महायुद्धाच्या त्या दिवसांत ती बोट बुडवली गेली आणि कष्टाने जमवलेली त्यांची पुस्तके समुद्रतळाशी गेली. आज आपले दस्तऐवज लॅपटॉपच्या डिस्कवर असतात. परंतु ते एकाच ठिकाणी असले, की धोका तोच राहतो.

गेल्या पावसाळ्यात हा धोका आम्ही अनुभवला. या स्मरणिकेचे सर्व साहित्य एका लॅपटॉपवर होते. शाळेच्या पहिल्या वर्गखोल्यांच्या बांधकामावर राबलेल्या एका आजींची ध्वनिमुद्रित मुलाखतही त्यातच होती. आजी उन्हाळ्यातच निवर्तल्या होत्या. तानसा परिसरात रात्रभर विजेचे येणे-जाणे चालले आणि सकाळी लॅपटॉप सुरू होईना. दुरुस्ती करणारा म्हणाला, ‘फॉरमॅट करावा लागेल, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो.’ आम्ही होकार देणारच होतो. तेवढ्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीने फोनवर विचारले, ‘सर, आतल्या फाईलींची दुसरी प्रत आहे का?’ ती नव्हती. तिने सांगितलेल्या क्रमाने गेलो म्हणून आजींचा आवाज वाचला. तोच क्रम येथे देत आहोत.

लॅपटॉप सुरू होताना तीन गोष्टी घडतात : त्याला वीज मिळते, तो स्वतःची तपासणी करतो आणि मग डिस्कवरून विंडोज उचलतो. गाडी कोठे अडली, हे प्रथम ओळखावे.

१. दिवाच लागत नसेल तर : चार्जर दुसऱ्या, खात्रीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. तरीही सुरू न झाल्यास चार्जर आणि निघत असल्यास बॅटरी काढून पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे; आत उरलेला विद्युतभार निघून जातो. मग पुन्हा चार्जर लावून पाहावे. मात्र आत पाणी गेले असल्यास बटणाला हात लावू नये. तांदळात ठेवूनही काही साधत नाही. तो उघडून साफच करावा लागतो.

२. दिवा लागतो, पडदा काळा राहतो : लॅपटॉप टीव्ही किंवा प्रोजेक्टरला जोडावा. तेथे चित्र दिसले तर दोष पडद्याकडचा आहे. फाईलींची प्रत लगेच काढून घ्यावी. तेथेही अंधार असेल तर रॅम सैल झालेली असू शकते. ती जाणकाराकडून नीट बसवून घ्यावी.

३. कंपनीचे नाव येते, पुढे काही नाही : जोडलेला पेनड्राइव्ह काढावा, कधी कधी यंत्र त्यातच विंडोज शोधत बसते. मग बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर फाईली मिळण्याची बरीच आशा आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न हानी वाढवतो. डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

४. फाईली बाहेर काढणे : दुसऱ्या संगणकावर उबंटूचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करावा. तेथे ‘ट्राय’ निवडावे, ‘इन्स्टॉल’ कदापि नको. मग फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आजच वहीत उतरवून ठेवावी. काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि त्यानंतरच फॉरमॅटला संमती द्यावी. एसएसडी एकदा फॉरमॅट झाली, की फाईली परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते.

५. फॉन्टही जपावा : आमच्या जुन्या मराठी फाईली मिळाल्या, पण अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसू लागल्या. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. असे फॉन्ट फाईलींसोबत जपावेत, मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि एक पीडीएफही करून ठेवावी.

आता आम्ही प्रत्येक दस्तऐवजाच्या तीन प्रती ठेवतो : एक लॅपटॉपवर, एक कपाटातील बाहेरच्या डिस्कवर आणि एक शाळेपासून दूर, ऑनलाईन. दर पौर्णिमेला वंदनेनंतर प्रती अद्ययावत होतात. दिवस ठरलेला असल्याने विसर पडत नाही.

या अंकातील माजी विद्यार्थ्यांच्या यादीत काही वर्षे अपुरी आढळतील. ती नावे एका जुन्या संगणकाबरोबर गेली. त्या वेळी फॉरमॅटला होकार आम्हीच दिला होता. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्या वर्षांचे छायाचित्र, गुणपत्रक किंवा पत्र ज्यांच्या घरी असेल, त्यांनी त्याची एक प्रत शाळेत आणून द्यावी. मूळ मात्र आपल्यापाशीच ठेवावे.