बीटची लागवड : बी एक, रोपे अनेक

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या अलोरे परिसरातून कोयनेचे अवजल वाशिष्ठीकडे वाहत असते. तरीही चिपळूणच्या बाजारात हिवाळ्यात कुंभार्ली घाट उतरून आलेली भाजी विकली जाते. भातकापणीनंतर ज्यांच्या विहिरीला किंवा ओढ्याला पाणी उरते, त्यांना दोन-चार गुंठ्यांत बीट घेता येण्यासारखे आहे. मात्र “पाला माजला, कंद धरला नाही” अशी या पिकाची तक्रार असते. दोष बियाण्याला दिला जातो. लागवडीच्या पद्धतीकडे क्वचितच लक्ष जाते.

बीटचे बी म्हणून जे पेरले जाते, तो बहुतेक जातींत वस्तुतः अनेक बियांचा गुच्छ होय. त्यातून एकाच ठिकाणी दोन ते पाच रोपे उगवतात. ती तशीच राहू दिल्यास अन्न व उजेड यांसाठी चढाओढ होऊन एकही कंद पोसत नाही. म्हणून चार पाने येताच, जमीन ओली असताना, एक जोमदार रोप राखून बाकीची जमिनीलगत खुडावीत; उपटल्यास शेजारचे मूळ हलते. उगवलेले रोप काढणे जिवावर येते खरे, पण खुडलेल्या पाल्याची भाजी होते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. दोन ओळींत ३० व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर गुंठ्यात सुमारे २,२०० रोपे बसतात. ४५ व १० सेंटिमीटर ठेवले तरी संख्या तीच. दुसऱ्या मांडणीत सरी-वरंबा करता येतो, आणि भातखाचरात तो विशेष मोलाचा ठरतो. चिखलणीमुळे खाचरात खाली कठीण थर बसलेला असतो. सपाट वाफ्यात मूळ त्यावर अडून वाकडे होते किंवा त्याला फाटे फुटतात. वरंब्यात त्याला भुसभुशीत माती मिळते. वरकस, मुरमाड जमिनीत मात्र वरंबे लवकर सुकतात. तेथे सपाट वाफा व पेंढ्याचे आच्छादन बरे.

रोपे तयार करून लावल्यास बियाणे वाचते, विरळणीही टळते. तथापि लावताना मूळ दुमडले की कंद बेढब होतो, शिवाय रोप सावरण्यात काही दिवस जातात. पाणी व मनुष्यबळ बेताचे असेल तेथे रात्रभर भिजवलेले बी सुमारे दोन सेंटिमीटर खोल टोकणेच सोयीचे.

जांभ्याच्या जमिनी आम्ल असतात व बीटला आम्लता मानवत नाही. बोरॉनची उणीव असल्यास कंदात काळे डाग पडतात. तेव्हा चुना किंवा टाकणखार माती परीक्षणाच्या अहवालानुसारच द्यावा; अंदाजाने दिलेला टाकणखार पिकाला बाधतो.

पेरणी नोव्हेंबरात उरकावी. उन्हाळ्याच्या तापात पोसलेल्या कंदात पांढरी वलये उमटतात, रंग फिका पडतो. साधारणतः दोन-अडीच महिन्यांत, कंद मुठीएवढा होण्याआधीच काढणी करावी. त्यानंतर तो वजनाने वाढतो, पण आतून तंतुमय होऊ लागतो.