प्रबंधाबाहेरचं काम

चि. सायलीस,


कोर्सवर्क संपलं, आराखडा मंजूर झाला, आता तीन-चार वर्षं फक्त प्रबंध, असं तुझ्या परवाच्या फोनवरून वाटलं. म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

वरिष्ठ महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाचं पहिलं वर्ष बघ. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे त्याच्या वाट्याला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन येतं. तासांची तयारी वेगळी. शिवाय टाइमटेबल कमिटी, प्रवेश समिती, नॅकच्या एखाद्या निकषाची फाइल. लवकरच एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी व्हायची पाळी येते. मग शंभर स्वयंसेवकांचं युनिट, सात दिवसांचं शिबिर, सरपंचांशी बोलणी, शिधा, मुलींच्या मुक्कामाची सोय आणि शेवटी पै-पैचा हिशेब. प्रबंध लिहिताना यातलं काही शिकवलं जात नाही. मग उत्तम अभ्यास असलेला माणूस चिडचिडा होतो, संशोधनाला वेळच मिळत नाही म्हणतो. वेळ कमी असतो हे खरंच. पण त्यातला बराचसा काम न येण्यापायी जातो, आणि ते आधी शिकून घेता येतं.

सगळ्यात आधी शिकायचं ते उत्तरपत्रिका तपासायला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने परीक्षेचं काम शिक्षकांना बंधनकारक केलं आहे; तरी पेपर तपासणं कुणी कुणाला शिकवत नाही. तुझ्याच विषयातलं उदाहरण घेऊ. प्रकाशसंश्लेषणावर पाच गुणांचा प्रश्न आहे. एका मुलीने पाठ केलेलं इंग्रजी उत्तर शुद्ध उतरवलंय, आकृती मात्र चुकलीय. दुसरा मुलगा बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. त्याची वाक्यं मोडकी, पण प्रकाश अभिक्रियेत तयार झालेली ऊर्जा पुढच्या टप्प्यात कशी वापरली जाते हे त्याला नेमकं कळलंय. कुणाला किती? हे आधी ठरवून, लिहून ठेवलं नाही तर सकाळी तपासलेल्या गठ्ठ्याला एक न्याय आणि जेवणानंतरच्या गठ्ठ्याला दुसरा, असं होतं. मग पुरवणीतलं उत्तर तपासायचं राहतं, आतले गुण मुखपृष्ठावर उतरवताना एक रकाना चुकतो, आणि एका मुलाचं वर्ष जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात निकाल दिला, तेव्हापासून आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य झाला आहे. तुझ्या लाल शाईच्या प्रत्येक खुणेचा जाब कुणीतरी विचारू शकतो. विचारावाच.

तपासणीची ही यंत्रणा कोलमडली की काय होतं ते मुंबई विद्यापीठात 2017 साली दिसलं. 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं, पण पूर्वतयारी अपुरी पडली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, बाहेर प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांची कोंडी झाली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

प्रशासनात पडलं की विद्वत्ता गंजते, हा समज तू मनातून काढून टाक. इरावती कर्वे बर्लिनहून मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आल्या आणि 1931 ते 1936 या काळात महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एसएनडीटीत, कुलसचिव होत्या. डेक्कन कॉलेजात त्या गेल्या 1939 साली, आणि नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1953 चा. उमेदीची ती वर्षं कचेरीत जाऊनही पुढचं संशोधन उभं राहिलंच.

हे काम आधीच शिकता यावं म्हणून अमेरिकेत 1993 पासून ‘प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी’ नावाचा उपक्रम आहे. मोठ्या संशोधन विद्यापीठांतले पीएच.डी.चे विद्यार्थी आसपासच्या वेगळ्या धर्तीच्या कॉलेजांत जातात आणि तिथलं रोजचं काम जवळून बघतात. आपल्याकडेही यूजीसीच्या नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमावलीत सोय आहे. प्रत्येक संशोधकाला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं किंवा लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, आणि आठवड्याला 4 ते 6 तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन अशी कामं त्याला देता येतात. पुष्कळ विभागांत हे कलम कागदावरच राहतं, कारण मागणारं कुणी नसतं.

तू माग. मार्गदर्शकांच्या पुढच्या भेटीत बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची एक बॅच मागून घे. त्यांच्या प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र भरायची वेळ आली की शेजारी बस. जीएफआर 12-ए हा नमुना, कुठला खर्च कुठल्या शीर्षाखाली जातो, बिलावर स्टॉक रजिस्टरची नोंद का लागते, हे एकदा हाताखालून गेलं की पुढे स्वतःच्या प्रकल्पाचा हप्ता कागदपत्रांपायी अडत नाही. लेखा विभागातल्या माणसांशी आदराने बोल. त्यांना नियम पाठ असतात आणि शिकायला आलेल्या पोरांना ते मनापासून सांगतात.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या तुझ्या सीनियर मैत्रिणींनाही भेट. त्यांची परवड मोठी आहे, मानधन तासांवर, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. या पेशात शिरण्याआधी तेही डोळ्यांनी बघितलेलं बरं. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा कुठल्याही जुन्या चाचणीच्या दहा उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, नावं झाकून, घेऊन ये. दोघं वेगवेगळ्या तपासू आणि जिथे गुण जुळणार नाहीत तिथे बोलू.

तुझा,
मामा