पण आईला का नाही सांगितलं?

मुलाच्या उशाशी पुस्तक दिसलं की जिवाला बरं वाटतं. फोन नाही, पुस्तक आहे! मग आपण सहज ते उलटं करून मागचा मजकूर वाचतो. रात्रीची वेळ, गावाबाहेरचं रान, एका मुलीचं प्रेत. लगेच आपला सूर बदलतो. "हे असलं काय वाचतोस? दुसरं काही मिळालं नाही का?"

घरोघरी हेच होतं, माझ्याही घरी. खरं तर आपल्या आजोबांच्या पिढीनं बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असाच चोरून वाचला. आपण सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले. त्यानं कुणी वाया गेलं नाही, उलट वाचायची गोडी लागली. तरीही तुमची धास्ती मला समजते, कारण आजच्या किशोरांच्या रहस्यकथा फक्त 'खुनी कोण' एवढ्यावर थांबत नाहीत. त्या मुलांच्या मनात बऱ्याच खोल उतरतात.

अशाच एका पुस्तकाबद्दल आज तुमच्याशी बोलायचंय. 'जॅस्पर जोन्स' हे त्याचं नाव. लेखक क्रेग सिल्वी, जन्म १९८२ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ड्वेलिंगअप नावाच्या छोट्या गावात वाढलेला. कादंबरी २००९ साली आली, २०१७ मध्ये रेचल पर्किन्स यांनी तिच्यावर चित्रपट केला. ऑस्ट्रेलियातल्या अनेक शाळांत ती अभ्यासाला असते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांतही ती मुलांच्या दप्तरातून येऊ शकते, आणि इथल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या हातीही पडू शकते.

गोष्ट आहे १९६५ सालची. कोरिगन नावाचं खाणकामगारांचं गाव, अंग भाजून काढणारा उन्हाळा. चार्ली बक्टिन हा तेरा वर्षांचा, पुस्तकात डोकं घालून बसणारा, किड्यामुंग्यांना घाबरणारा मुलगा. एका रात्री त्याच्या खिडकीवर टकटक होते. बाहेर जॅस्पर जोन्स उभा असतो. त्याची आई मूळनिवासी होती, ती गेली. बाप गोरा आणि दारूडा. गावात काहीही हरवलं, मोडलं, जळलं की पहिलं नाव जॅस्परचं.

तो चार्लीला रानातल्या आपल्या लपायच्या जागी नेतो. तिथं झाडाला लॉरा विशार्टचं प्रेत लटकत असतं. लॉरा गावच्या प्रमुखाची मुलगी, जॅस्परची जिवाभावाची मैत्रीण. हे गावाला कळलं तर आळ आपल्यावरच येणार, याबद्दल जॅस्परला तिळमात्र शंका नसते. मग ही दोन पोरं जे करतात ते वाचताना पोटात गोळा येतो. ती दोघं तिचं शरीर दगड बांधून पाण्यात सोडतात. चार्ली गुपचूप घरी येतो आणि अंथरुणात शिरतो.

शेजारच्या खोलीत आईबाप झोपलेले असतात.

मी पुस्तक इथंच मिटून जरा वेळ बसून राहिले. मुलं पुढचं पान उलटतात, कारण त्यांना लॉराचं काय झालं ते हवं असतं. आपल्यासारख्या आईबापांच्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. एवढं मोठं ओझं घेऊन हा पोरगा घरी आला, मग आईला का नाही सांगितलं? वडिलांना का नाही सांगितलं?

चार्लीचे आईवडील वाईट नाहीत. वडील शाळेत शिकवतात, स्वभावानं मऊ, मुलाला पुस्तकांची गोडी त्यांनीच लावलेली. पण घरात ताण वाढला की ते आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. आई त्या गावाला कंटाळलेली, मनातून घुसमटलेली, आणि तो कढ निघतो मुलावर. एकदा ती शिक्षा म्हणून चार्लीला परसात खड्डा खणायला लावते. घामाघूम होऊन त्यानं तो खणला की म्हणते, आता बुजव. ते पान वाचताना तुम्हाला चार्लीचं वाईट वाटेलच, पण त्या बाईचंही वाटेल. दमलेल्या माणसाचा राग कुठे निघतो, हे आपल्याला पुरतं माहीत आहे.

सांगायची वेळ चार्लीच्या ओठांवर येते आणि परत जाते. आपल्याकडेही असंच होतं, फक्त आपल्या लक्षात येत नाही. रात्री साडेनऊला ओट्याशी कुकर घासत असताना लेक दारात येऊन उभी राहते. पायाच्या अंगठ्यानं पायपुसण्याची कड उलटी-सुलटी करत राहते. "आई, एक विचारू?" आपण म्हणतो, "उद्याचं दप्तर भरलंस का आधी?" ती भरायला जाते. तो प्रश्न पुन्हा येत नाही.

मुलं मोठी गोष्ट एकदम आणत नाहीत. आधी एखादी छोटी पुढे करून बघतात. 'माझ्या एका मित्राचं ना...' अशी ती सुरुवात असते. आपण काय करतो? "कोण मित्र? कुठे राहतो? त्याच्या आईचा नंबर दे मला." काळजीपोटीच करतो. पण त्या पोराला कळतं की मित्राचं एवढं रामायण झालं, तर आपलं काय होईल. तिथं नुसतं "बरं, मग?" एवढंच म्हणून पोळी लाटत राहिलं, तर पुढचं वाक्य येण्याची शक्यता असते. मुलं समोरासमोर बसवल्यावर बोलत नाहीत, आपले हात कामात असले की बोलतात. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसून, कपड्यांच्या घड्या घालताना.

आता पुस्तकाचा शेवट थोडा फोडणार आहे. मुलांसाठी तो राखून ठेवावा हे खरं, पण आईबापांना तो आधी माहीत असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

लॉरा बेपत्ता झाल्यावर सारं गाव हादरतं. शोध सुरू होतो, मुलांवर संचारबंदी येते. अंधार पडला की घरात, एकट्यानं बाहेर जायचं नाही. आपणही हेच केलं असतं. प्रत्यक्षात त्या मुलीला धोका होता तो तिच्या घरात, जन्मदात्या बापाकडून. तो तिचं लैंगिक शोषण करत होता. कुणाकडे जावं हे न सुचल्यानं तिनं स्वतःला संपवलं. म्हणजे ज्या बाहेरच्या खुन्याच्या भीतीनं गाव दारं लावून बसलं, तो खुनी कुठे नव्हताच.

हे वाचून अंगावर काटा येतो, आणि म्हणून 'नकोच ते पुस्तक' असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडचं चित्र वेगळं आहे का? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ साली आला. तेव्हापासूनच्या नोंदी सांगतात की बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा. आपण मुलांना 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही' हे बालवाडीपासून शिकवतो. 'ओळखीच्या माणसाचं वागणं नको वाटलं तर मला सांग, तो कुणीही असो, मी तुझंच ऐकेन' हे वाक्य मात्र आपल्या तोंडून सहसा निघत नाही. जीभ जड होते. मग एखादं पुस्तक ते बोलायला निमित्त देत असेल तर ते हातचं का सोडावं?

वयाचं भान मात्र ठेवा. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी हे पुस्तक नाही. शिव्या आहेत, दारू-सिगारेट आहे, मारहाण आहे. आठवी-नववीच्या पुढे, आणि शक्यतो आपण आधी वाचून, मग द्यावं. मूल सध्या फार उदास असेल किंवा घरात नुकतंच असं काही घडलं असेल, तर आता देऊ नका, वर्षभरानं द्या. आणि आत्महत्येबद्दल विचारल्यानं मुलाच्या डोक्यात भलतं शिरेल, या भीतीनं गप्प बसू नका. तसं होत नाही. मनात काही असेल तर विचारणारं कुणी भेटल्याचं बरंच वाटतं.

जॅस्परकडे परत येते, कारण हा पोरगा मनातून जात नाही. पोलीस त्याला पकडून बेदम मारतात, तेही कशाचाच पुरावा नसताना. गावानं आधीच ठरवलेलं असतं. वाचताना आपल्याला चीड येते. मग आठवतं, की आपल्या सोसायटीतही असा एक मुलगा असतो. 'त्याच्याबरोबर फिरू नकोस.' का, तर बाप पितो, वस्तीतला आहे, आडनाव अमुक आहे, दोनदा नापास झालाय. आपण हे मुलाच्या भल्यासाठी बोलतो. मूल त्यातून एवढंच शिकतं की अमुक मित्राचं नाव घरात काढायचं नाही. उद्या त्याच मित्रामुळे किंवा त्याच मित्रावर काही संकट आलं, तर ते आपल्याला कोण सांगणार? मैत्रीवर लक्ष ठेवायचंच, पण त्या मुलाला घरी बोलवून, पोहे खायला घालून ठेवावं. निदान चेहरा तरी ओळखीचा होतो.

पुस्तक सारंच काळोखाचं नाही, हेही सांगायला हवं. चार्लीचा मित्र जेफ्री लू हा व्हिएतनामी घरातला मुलगा, जिभेनं तिखट आणि क्रिकेटवेडा. व्हिएतनामच्या युद्धाचे दिवस, त्यामुळे गावाचा सगळा राग त्याच्या घरावर. त्याच्या वडिलांची जीव लावून वाढवलेली बाग गावातली माणसं उद्ध्वस्त करतात. संघात त्याला कुणी घेत नाही, तरी तो मैदानाच्या कडेला रोज हजर. डग वॉल्टर्स त्याचा देव. त्या वॉल्टर्सनं खरोखरच डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिस्बेनला इंग्लंडविरुद्ध पदार्पणात शतक ठोकलं होतं. जेफ्रीला शेवटी बॅट मिळते ती पानं आपली गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं उभ्यानं वाचतील. आणि जेफ्री-चार्लीच्या वायफळ गप्पा! इतक्या भयंकर उन्हाळ्यात ही दोन पोरं हसू शकतात, हे मला फार मोलाचं वाटलं.

पण गंमत बघा, एवढ्या जवळच्या जेफ्रीलाही चार्ली काही सांगत नाही. मोठ्यांना सांगायची भीती, मित्राला सांगितलं तर त्याच्यावर ओझं. तेरा वर्षांच्या मुलाचा हा हिशोब आहे. आपलीही मुलं असे हिशोब करत असतात, आपल्याला त्रास नको म्हणून. 'आई आधीच दमलेली असते' हे वाक्य मुलांच्या तोंडी किती सहज येतं!

म्हणून एक सुचवते. मुलानं हे पुस्तक वाचून संपवलं की त्याची परीक्षा घेऊ नका, तात्पर्य विचारू नका. एवढंच विचारा, "चार्लीनं कुणाला सांगायला हवं होतं, तुला काय वाटतं?" आणि मग, "तुझ्यावर अशी वेळ आली तर तू कुणाला सांगशील?" उत्तरात आपलं नाव आलं नाही तर तोंड पाडू नका. मावशी म्हणेल, काका म्हणेल, शाळेतल्या एखाद्या बाई म्हणेल. म्हणू दे. त्या माणसाला आपणच फोन करून सांगून ठेवूया, की आमचं पोर कधी तुझ्याकडे आलं तर आधी नुसतं ऐकून घे. आणि त्या माणसाच्या नंबराशेजारी मुलाच्या फोनमध्ये १०९८ हाही नंबर आजच घालून द्या. ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते आणि फोनला पैसे पडत नाहीत.