शिफारशीचा मोबदला : कोणास, किती व केव्हा?

दलाल आणि शिफारस करणारे गिऱ्हाईक यांत एक मूलभूत भेद आहे. दलालाची दलाली उभय पक्षांस ठाऊक असते. म्हणून त्याचे बोलणे ऐकणारा तोलूनच घेतो. गिऱ्हाईक मात्र ‘अमुक पेढीचा तांदूळ चांगला’ असे शेजाऱ्यास निरपेक्षपणे सांगते, आणि त्या निरपेक्षतेमुळेच त्या शब्दास किंमत येते. हल्ली हाच शब्द व्हॉट्सअ‍ॅप व फेसबुक यांच्याद्वारे क्षणात शंभर घरी पोहोचतो. अशा शिफारशीबद्दल गिऱ्हाइकास बक्षीस द्यावे काय, या प्रश्नाचा विचार वहीखाते व लौकिक अशा दोन्ही दृष्टींनी करणे अगत्याचे आहे.

या बाबतीत इंटरनेटवर कागदपत्रे साठवून ठेवण्याची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्स या अमेरिकन कंपनीचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या संस्थापकानेच पुढे सांगितले की, ९९ डॉलरच्या सेवेसाठी एकेक गिऱ्हाईक जाहिरातीने मिळविण्यास २३३ ते ३८८ डॉलर खर्च पडत असे. हा उघड आतबट्ट्याचा व्यवहार होता. तेव्हा कंपनीने मित्रास आणणारा व नव्याने येणारा, अशा दोघांसही साठवणीची काही जागा अधिक व मोफत देऊ केली. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले तिचे सदस्य जानेवारी २०१० पर्यंत चाळीस लाख झाले. ही सारी वाढ बक्षिसानेच झाली असे नव्हे. मूळ वस्तूच उपयुक्त होती. तथापि बक्षीस रोख न देता मालाच्या रूपाने दिले, उभयतांस दिले आणि मित्र प्रत्यक्ष आल्यावरच दिले, या तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

आता आपला हिशेब पाहू. समजा, तांदळाच्या एका गोणीवर खर्चवेच वजा जाता १०० रुपये सुटतात. नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या गोणीवर शिफारस करणाऱ्यास ३० व नव्या गिऱ्हाइकास २० रुपये वटाव दिला, तरी ५० रुपये उरतात. ते गिऱ्हाईक वर्षात सहा गोण्या नेईल तर ६०० रुपयांच्या नफ्यात ५० रुपयांचा हा खर्च एकदाच पडतो. उलट बक्षीस १५० रुपये ठेवले, तर पहिल्याच गोणीत ५० रुपयांची खोट येते, आणि केवळ बक्षिसासाठी घरच्याच माणसांची नावे पुढे येऊ लागतात. नव्या गिऱ्हाइकाने शिफारस करणाऱ्याचा मोबाईल क्रमांक सांगावा, तो बिलावर नोंदावा, आणि पैसे जमा होऊन माल पसंत पडल्यावर शिफारस करणाऱ्यास त्याच्या पुढील बिलात वटाव द्यावा. ही पद्धत सोपी व वादरहित आहे.

मोबदला द्यावा तो झालेल्या खरेदीबद्दल. स्तुतीबद्दल कदापि देऊ नये. पैसे देऊन अभिप्राय मिळविण्यास गूगलच्या नियमांतही मनाई आहे. शिवाय, जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणारा व व्यापारी यांच्यात तिच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा संबंध असल्यास तो उघड करावा लागतो. म्हणून संदेशाचा मजकूर पेढीनेच तयार करून द्यावा व त्यात ‘आपण माल घेतल्यास आम्हां दोघांस वटाव मिळेल’ असे स्पष्ट लिहावे. लपविलेला मोबदला उघडकीस आला की शेजाऱ्याचा विश्वास त्या गिऱ्हाइकावरूनही उडतो व पेढीवरूनही.

आणखी एक सावधगिरी. मोबदला एकाच पायरीवर थांबावा. मित्राने आणलेल्या मित्राच्या खरेदीतही पहिल्यास वाटा, अशी साखळी लावू नये. माणसे भरती करण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांस २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी केली आहे. पैशांच्या साखळी योजनांस १९७८ च्या कायद्याने त्यापूर्वीच मनाई होती.

सरतेशेवटी, नमुन्यात एक तांदूळ व गोणीत दुसरा निघाला, तर ज्या संदेशाने गिऱ्हाईक आणले त्याच मार्गाने ती वार्ताही शंभर घरी जाईल. सभासद बंधूंनी प्रथम माल व माप चोख ठेवावे आणि मगच शिफारशीची योजना हाती घ्यावी, अशी विनंती आहे.