औषध खरं ठरवायचं, तर मोजणारा माणूस हवा



लोणावळा, कामशेतच्या वस्त्यांत गेले की एक प्रश्न हमखास येतो : "सिस्टर, उपचार गुणकारी आहे हे ठरवतं कोण? डॉक्टरच ना?" एकटे डॉक्टर नाहीत. त्यांच्यासोबत जैवसंख्याशास्त्रज्ञ असतो. तो सुई टोचत नाही, तो मोजतो.

उदाहरण आपल्यासारख्याच वस्त्यांतलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायका ही तपासणी करत. यामुळे कॅन्सरचे मृत्यू कमी होतात का, हे पाहायचं होतं.

आकडेतज्ज्ञाची इथे तीन कामं असतात.

पहिलं, किती बायका हव्यात हे आधी ठरवणं. थोड्याच घेतल्या तर दिसलेला फरक योगायोगाचाही असू शकतो. इथे ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका होत्या.

दुसरं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड. २० भागांपैकी १० ठिकाणी तपासणी, १० ठिकाणी फक्त आरोग्यशिक्षण. निवड माणसावर सोडली, तर जवळच्या, ऐकणाऱ्या वस्त्याच निवडल्या जातात.

तिसरं, प्रामाणिक हिशेब. तपासणीला न आलेली बाईसुद्धा तिच्याच गटात मोजायची. नाहीतर निकाल उगाच गोड दिसतो.

१२ वर्षांनी निकाल आला : तपासणीच्या भागांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

पण उरलेल्या १० भागांतल्या बायकांचं काय? त्यांना त्या काळात तपासणी मिळाली नाही, यावर जाहीर टीका झाली. गणित बरोबर असलं तरी न्यायाचा प्रश्न उरतोच. तो आपणच विचारायचा.

म्हणून कोणी अभ्यासासाठी सही मागितली, तर आधी विचारा : मी कोणत्या गटात? दुसऱ्या गटाला काय मिळणार? मधेच बाहेर पडता येईल का? इजा झाली तर खर्च कोणाचा? संमतीपत्र मराठीत वाचून घ्या, प्रत मागून घ्या.

आणि तिशी ओलांडलेल्या बहिणींनो, सरकारी दवाखान्यात ही तपासणी करून मागा. घरात गणिताची आवड असलेली मुलगी असेल, तर तिला सांगा, संख्याशास्त्र शिकून असंही काम करता येतं. आपल्या वस्तीचा हिशेब मांडताना तिथे आपलंही माणूस असू दे.