पिकअपच्या केबिनमध्ये ऊब हवी? आधी इंजिनाचे पाणी तपासा

नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. नेमक्या याच दिवसांत भाजीपाला आणि द्राक्षे घेऊन रात्री-पहाटे बाजार गाठावा लागतो. अशा वेळी केबिनमधील हीटरमधून गार वारा येऊ लागला, तर हात आखडतात, समोरची काच आतून धुरकट होते आणि अपघाताचा धोका वाढतो. हीटर बिघडला असे समजून बरेच जण वेगळा विजेचा हीटर बसवण्याचा विचार करतात. वास्तविक बहुतेक वेळा दोष हीटरमध्ये नसून इंजिनाच्या पाण्यात असतो आणि तो थोड्या खर्चात दूर होतो.

हीटर कसा चालतो?

पिकअप, जीप किंवा केबिनच्या ट्रॅक्टरमधील हीटर स्वतः उष्णता तयार करीत नाही. इंजिन थंड ठेवणारे गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमध्ये फिरते. त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरचा पंखा तिच्यातून हवा ढकलतो आणि तीच हवा गरम होऊन केबिनमध्ये येते. म्हणजे इंजिन थंड, तर हीटरही थंड.

डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले तर फार सावकाश तापते. म्हणून गाडी सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझला की अर्धा-एक मिनिट थांबावे आणि हलक्या वेगाने निघावे. काटा वर येईपर्यंत ब्लोअर कमी ठेवावा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून आपल्याकडे अनेकदा थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरील आपोआप उघडणारी झडप. पाणी ठरावीक तापमानाला, अनेक इंजिनांत सुमारे ८० ते ८५ अंशांना, पोचेपर्यंत ती बंद राहते व पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. झडप काढली किंवा ती उघडी अडकली, की हिवाळ्यात इंजिन तापतच नाही. मग हीटर गार राहतो, एवढेच नव्हे तर डिझेल जास्त लागते, ते पूर्ण जळत नाही, इंजिन ऑइल खराब होते आणि रिंग-लायनरची झीज वाढते. उन्हाळ्यातील तापण्याचे खरे कारण चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा खराब वॉटर पंप हे असू शकते. ते शोधावे.

परीक्षा सोपी आहे. गार इंजिन सुरू करून पंख्यापासून हात दूर ठेवून रेडिएटरची वरची नळी चाचपावी. ती सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडी आहे. ती बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाली, तर झडप ठीक आहे. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगून तापवावा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

दोष शोधण्याचा क्रम

१) पाण्याची पातळी : इंजिन पूर्ण गार असताना पाहावी. पाणी कमी झाले की हीटरकडचा प्रवाह आधी तुटतो. म्हणून हीटर अचानक गार पडला तर तो इशारा समजून काट्याकडे लक्ष द्यावे. तसेच गाडी चालवत राहिल्यास हेड गॅस्केट जाण्याची भीती असते. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून गंभीर भाजते.

२) हीटरच्या दोन नळ्या : इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून दोन्ही नळ्या जपून चाचपाव्यात.
• दोन्ही गरम : पाणी फिरत आहे. ब्लोअर, हवेचा पडदा किंवा त्याची केबल तपासावी.
• एक गरम, दुसरी गार : हीटरचा कॉक बंद आहे, कॉइल चोंदली आहे किंवा आत हवा अडकली आहे.
• दोन्ही कोमट : थर्मोस्टॅट किंवा पाण्याची पातळी पाहावी.

३) अडकलेली हवा : पाणी बदलल्यावर हा दोष हमखास येतो. गाडीचे तोंड चढाला ठेवावे, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. गार इंजिनाचे झाकण काढून हीटर गरमवर ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे कूलंट भरावे व पाणी तापून वर येण्याआधी झाकण लावावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास माहितीपुस्तिकेप्रमाणे वापरावा.

४) चोंदलेली कॉइल : बोअरचे जड पाणी भरल्याने आत क्षार साचतात. दोन्ही नळ्या सोडवून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, साध्या नळाच्या पाण्याने कॉइल धुवावी. बागेच्या फवारणी पंपाचा दाब मुळीच देऊ नये, कॉइल फुटते. पुढे कंपनीने सांगितलेले कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी सांगितलेल्या प्रमाणात वापरावे. बहुतेक कूलंट गोडसर पण विषारी असते. काढलेले कूलंट जनावरे, कुत्री व मुले यांच्यापासून दूर ठेवावे.

केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट थर किंवा पायाखाली ओल दिसल्यास कॉइल गळत आहे. ती बदलावी.

आलेली ऊब टिकवा

दारांची फाटलेली रबरे बदलावीत. क्लच-ब्रेकजवळची व वायरिंगची भोके रबरी बुचांनी बुजवावीत. त्यामुळे इंजिनाकडील धूरही आत येत नाही. काच धुरकट झाल्यास बाहेरची हवा आत घ्यावी. हवा आतल्या आत फिरवल्यास श्वासाची वाफ साठते. एसी असल्यास हीटरसोबत लावावा, तो हवेतील ओल काढतो. ओले पोते केबिनमध्ये ठेवू नये.

रेडिएटरवर पुठ्ठा किंवा पोते लावण्याची पद्धत आहे. थर्मोस्टॅट चांगला असेल तर आपल्या थंडीत त्याची गरज नसते, आणि दिवस वर आल्यावर ते विसरल्यास इंजिन तापते. बॅटरीवर चालणाऱ्या १५० वॅटच्या छोट्या हीटरला १२ व्होल्टवर सुमारे साडेबारा अँपिअर लागतात. तेवढ्याने बॅटरी उतरते, पण केबिन गरम होत नाही.

हे कधीही करू नका

बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवू नये. तसेच बाजार आवारात हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपू नये. कोळशाच्या व इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ जाणवताच इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे व डॉक्टरांना दाखवावे. थांबायचे असल्यास इंजिन बंद करून घोंगडी पांघरावी.

थंडी सुरू होण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, पाणी, थर्मोस्टॅट, नळ्या आणि सायलेन्सरचे सांधे एकदा तपासून घ्यावेत. केबिन उबदार राहील, इंजिनाचे आयुष्यही वाढेल.