विपक्षाचा शोध : ‘मतपरीक्षा’वादाचे एक अंग

धर्मविषयक वादात दोन्ही पक्ष आपापल्या मताला अनुकूल तेवढाच पुरावा वेचतात, ही तक्रार जुनीच आहे. आधुनिक मानसशास्त्र या प्रवृत्तीला पुष्टिपक्षपात म्हणते. पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २, ४, ६ ही संख्यामाला देऊन तिच्यामागील नियम ओळखावयास सांगितले होते. बहुतेकांनी मनात योजिलेल्या नियमाला अनुसरणाऱ्याच माला पुढे केल्या. तो खोटा ठरविणारी माला सुचविण्याचे अनेकांच्या मनातही आले नाही. नियम होता केवळ चढत्या क्रमाचा.

न्यायशास्त्राला हा धोका परिचित होता. हेतू सपक्षात आढळतो एवढ्याने भागत नाही. विपक्षात तो नाही, हेही पाहावे लागते. तसे न पाहिल्यास हेतू सव्यभिचार ठरण्याची भीती असते. तत्त्वनिर्णयासाठी चालणारा वाद, जयासाठी चालणारा जल्प आणि स्वपक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा, हा भेदही न्यायसूत्रांनी केलेला आहेच.

या कसोटीवर जॉन म्यूर यांची संस्कृत ‘मतपरीक्षा’ (१८३९) तपासण्याजोगी आहे. खऱ्या शास्त्राची लक्षणे म्हणून म्यूर यांनी प्रवर्तकाचे चमत्कारसामर्थ्य, ग्रंथाचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता ही सांगितली. परंतु ही लक्षणे ख्रिस्ती मंडनपरंपरेतूनच घेतलेली असल्याने निर्णय परीक्षेपूर्वीच झालेला होता. चमत्कारकथा इतर परंपरांतही विपुल आहेत. त्या विपक्षातील उदाहरणे म्हणून आधीच विचारात घ्यावयास हव्या होत्या.

उत्तरे देणाऱ्यांपैकी सोमनाथ म्हणजे सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू असावेत, असे रिचर्ड फॉक्स यंग यांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास एक विलक्षण गोष्ट दिसते. याच सुबाजींनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ (१८३६) या मराठी ग्रंथात पुराणोक्त भूगोलाविरुद्ध ज्योतिषसिद्धान्ताची बाजू घेतली होती. म्हणजे परंपरेतील मत तपासून बाजूला सारण्याचे धैर्य त्यांच्याजवळ होते. (आमचे वाङ्मयेतिहासकार त्यांना दोन-चार ओळींत आटोपतात, हे योग्य नव्हे.)

सर्वांत बोधक उदाहरण नीलकंठशास्त्री गोरे यांचे. १८२५ साली चित्पावन कुळात जन्मलेले, काशीत वाढलेले हे पंडित. विशीच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यांनी श्रद्धेला प्राधान्य देऊन तर्क तिचा अनुयायी मानला. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० साली हिंदी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांची चिकित्सा केली. हे मतांतर पक्षपातमुक्तीचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. पक्ष बदलला तरी शोधाची दिशा तीच राहू शकते. षड्दर्शनांवर चालविलेले शस्त्र त्या ग्रंथात नव्या मतावर तितक्याच धारेने चालविलेले नाही. मात्र १९०० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रावरून दिसते की धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. अनुयायांना ही दुर्बलता वाटली असेल. आमच्या मते, ग्रंथात न मांडलेला विपक्ष या शंकांच्या रूपाने त्यांच्या मनात शेवटपर्यंत उभा होता. आणि गोऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याने ‘दर्पणा’इतकेच या चरित्रसामग्रीकडेही लक्ष पुरविले पाहिजे.